जोंगाचा पंप कुठे बसवावा?



झाशीचा मे महिना तुम्हाला नव्याने सांगायला नको. दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्याच उन्हात गाडीच्या इंजिनालाही काम करावे लागते. आजचा धडा इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा.

जबलपूरच्या वाहन कारखान्यात तयार झालेली जोंगा सैन्याने अनेक वर्षे वापरली. सेवेतून निघालेल्या जोंगा हौशी लोक विकत घेतात आणि पुष्कळदा मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवतात. मग पंप, रेडिएटर आणि नळ्यांची तोंडे जुळत नाहीत. समजा, अशा एका गाडीत विजेवर चालणारा पंप बॅटरीशेजारी, उंचावर, इंजिनातून बाहेर येणाऱ्या गरम पाण्याच्या नळीत बसवला. जानेवारीत गाडी छान चालली. मे महिन्यात बबिन्याच्या रस्त्यावर मात्र काटा लाल रेषेला टेकला. रेडिएटर स्वच्छ, पंखा चालू, पंपाचा आवाजही येतो. मग चुकले कुठे?

आधी हिशेब करू. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९० अंश आणि जानेवारीची हवा १५ अंश असेल, तर फरक ७५. मे महिन्यात हवा ४५ अंश, म्हणजे फरक फक्त ४५. तोच रेडिएटर आता तीन-पंचमांश काम करतो. हिवाळ्यात झाकली गेलेली चूक उन्हाळ्यात उघडी पडते, ती अशी.

आता पंपाकडे वळू. त्याचे फिरते पाते पाणी बाहेर फेकते, पण हवा किंवा वाफ आत शिरली की ते नुसते गरगरते. पंपाच्या तोंडाशी दाब सर्वांत कमी असतो. तिथे उकळीच्या जवळ आलेले पाणी पोहोचले, तर बुडबुडे होतात आणि प्रवाह तुटतो. शिवाय हवा नेहमी उंच जागी साठते. आपल्या जोंगात दोन्ही चुका एकत्र आल्या: पंप गरम बाजूला, आणि तोही उंचावर.

म्हणून पाण्याचा मार्ग असा ठेवा: रेडिएटरची खालची नळी, पंप, ब्लॉक, सिलिंडर हेड, थर्मोस्टॅट, वरची नळी आणि परत रेडिएटर. जोडणी करताना पुढील गोष्टी पाळा.

१. पंप रेडिएटरमधील पाण्याच्या पातळीच्या खाली आणि सायलेन्सरच्या पाइपापासून दूर बसवा.

२. पंपाकडे येणारी नळी आखूड, सरळ आणि पंपाच्या तोंडाइतकी रुंद असावी. मऊ नळी ओढीने चपटी होते. तिच्यात आतून स्प्रिंग हवी.

३. थर्मोस्टॅट बंद असतानाही पाणी फिरत राहावे, म्हणून बायपासची लहान नळी ठेवा. ‘गरम होते, काढून टाका थर्मोस्टॅट’ हा सल्ला ऐकू नका. काही इंजिनांत तो काढला की पाणी बायपासनेच फिरते आणि रेडिएटरला टाळते.

४. पाणी भरायची टाकी सर्वांत उंच जागी असावी. गार इंजिनात, गाडीचे नाक चढावर ठेवून, सावकाश भरा. पंप चालवून नळ्या दाबा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा.

पंप केवढा हवा? एक किलो पाणी १० अंशांनी गार झाले की सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता सोडते. रेडिएटरने ४२ किलोवॉट बाहेर टाकायचे असतील, तर सेकंदाला सुमारे एक लिटर, म्हणजे मिनिटाला ६० लिटर पाणी फिरले पाहिजे. मात्र रेडिएटर लहान असेल, तर पंप कितीही मोठा आणला तरी ती उणीव भरून निघत नाही.

शेवटची सूचना, आणि हिला अपवाद नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. ०.९ बारच्या झाकणाखाली पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो, पाण्याची वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. इंजिन बंद करा, सावलीत थांबा. अर्धा तास गेला तर गाडी उशिरा पोहोचेल, एवढेच.

स्वाध्याय:
१. वरची नळी चटका देते, खालची गार आहे. दोष कुठे शोधाल?
२. पाणी ९० अंश, हवा ३० अंश. जानेवारीच्या तुलनेत रेडिएटर किती काम करेल?