मुलांच्या शेजारी बसून पाहायचे सिनेमे

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या सणसरमधल्या कितीतरी घरांचं घड्याळ भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या पाळ्यांवर चालतं. बाबा रात्रपाळीला, आई धारा, स्वयंपाक आणि उसाचं पाणी यांत अडकलेली. त्यात पोरगं जेवताना कुरकुरतं आणि आपण त्याच्या हातात मोबाइल देतो. सगळेच देतो. चार घास पोटात जावेत, एवढंच मनात असतं. मागाहून मात्र रुखरुख लागते, हे पाहतंय तरी काय?

हिसकावून घेतला तर रडारड. त्यापेक्षा रविवारी दुपारी त्याच पडद्यावर काहीतरी चांगलं लावू आणि आपणही शेजारी टेकू. मला आधी आठवतात चार्ली चॅप्लिनचे जुने अमेरिकन मूकपट. इंग्रजीचं भय नाही. मधूनमधून पाट्या येतात, त्या आपण वाचून सांगायच्या. आजीलाही कळतं, अंगणवाडीतल्या नातीलाही.

'द किड' (1921) जेमतेम तासाभराचा. काचा बसवणाऱ्या गरीब चार्लीला एक टाकलेलं बाळ सापडतं. ते मोठं होऊन दगडांनी लोकांच्या खिडक्या फोडतं आणि मागून चार्ली पाठीवर काचा घेऊन हजर! मुलं हसून लोळतात. पुढे अनाथाश्रमाचे लोक पोराला गाडीत घालून नेतात. ते हात पसरून रडतं, चार्ली छपरांवरून धावत सुटतो. इथे आपलं लेकरू गप्प होतं, सरकत सरकत आपल्याला चिकटतं.

"अगं, सिनेमाच आहे, रडतेस काय?" आपल्या तोंडून पटकन जातं. त्याऐवजी नुसतं जवळ घ्यावं. आईबाबांपासून ताटातूट होण्याची भीती लहान मुलांच्या मनात असतेच. खुद्द चॅप्लिनने ती लहानपणी भोगली होती; सातव्या वर्षी त्याला लंडनमधल्या गरिबांच्या आश्रमात जावं लागलं होतं.

मग 'मॉडर्न टाइम्स' (1936). पट्ट्यावर सरकत येणारे नट आवळून आवळून काम थांबल्यावरही चार्लीचे हात तसेच झटके देत राहतात. हसता हसता एखादी लेक विचारेल, "पप्पा, तुमचे पण हात दुखतात का?" तेव्हा खरं सांगून टाकावं. पाळीहून आल्यावर आपण का चिडतो, ते तिला त्या दिवशी उमगेल. नाहीतर मुलं समजतात, आपलंच काहीतरी चुकलं.

नववी-दहावीच्या मुलांसाठी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (1957). खटल्याचा निकाल ठरवायला एका खोलीत बसलेले बारा ज्यूरी. अकरा जण अठरा वर्षांच्या पोराला खुनी ठरवून मोकळे. एकटा म्हणतो, आधी बोलू तरी. मित्रांच्या घोळक्यात वेगळं बोलायची धास्ती घेणाऱ्या वयाला हे फार जवळचं वाटतं. इंग्रजी जड गेलं तर बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' याच कथेवरचा आहे, हिंदीत.

सिनेमा संपल्यावर "काय शिकलास?" एवढं मात्र नको विचारूया. शाळेत, क्लासला दिवसभर तोच प्रश्न असतो. "तुला कोण आवडलं?" म्हटलं की मुलं मोकळी होतात. दमला असाल, मध्येच डुलकी लागली तरी लागू द्या. तुम्ही शेजारी आहात, हेच त्यांना हवं असतं.