मग तुला वाटेल तसं कर



आजचं चिंतन गीतेच्या १८व्या अध्यायातल्या ६३व्या श्लोकावर. सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, हे गुह्यातलं गुह्य ज्ञान तुला सांगितलं. आता याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. मी वर्षानुवर्षं पाठ करताना इथून सरळ पुढे जायचो. लगेच ६६वा श्लोक येतो ना, शरणागतीचा. सगळं लक्ष तिकडे.

गेल्या रविवारी माझा मावसभाऊ आरतीला उठलाच नाही. वय १७. "मला यातलं काही पटत नाही, दादा." मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. रात्री झोप येईना, कारण त्याच्या वयाचा मी आठवलो. पुण्यात हॉस्टेलवर होतो. आई रोज फोनवर विचारायची, "हरिपाठ झाला का रे?" मी म्हणायचो, "हो, झाला." पुस्तक बॅगेतून बाहेरही निघालेलं नसायचं. जवळजवळ दोन वर्षं हेच. हरिपाठ चुकल्याचं फारसं वाटायचं नाही, खोटं बोलल्याचं वाटायचं.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५०मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले. (गांधीजींवरच्या पुस्तकासाठी पुलित्झर मिळालं, तेच हे.) त्यात किशोरवयातला मुख्य प्रश्न म्हणजे 'मी कोण?' पुढे १९६६मध्ये जेम्स मार्शिया यांनी दोन गोष्टी तपासल्या: मुलाने पर्याय धुंडाळले का, आणि कशाला तरी स्वतःला बांधून घेतलं का. न धुंडाळताच घरचं उचललं, तर ते 'फोरक्लोजर'. शोध चालू आहे पण निर्णय व्हायचाय, ते 'मोरॅटोरियम'. हो, २०२०मध्ये कर्जाच्या हप्त्यांसाठी ऐकला तोच शब्द, मुदत मिळणं. शोधून मग स्वीकारलं, तर ती ओळख स्वतःची. आपल्या घरांत पहिल्या प्रकारच्या मुलांना 'गुणी' म्हणतात. मीही गुणीच होतो, हॉस्टेलला जाईपर्यंत.

अर्जुन काही कॉलेजातला मुलगा नव्हता, मान्य. पण 'मी तुझा शिष्य' असं दुसऱ्या अध्यायात म्हणूनही तिसऱ्याच्या सुरुवातीलाच तो उलट विचारतो, कर्मापेक्षा ज्ञान मोठं, तर मग या घोर कर्मात मला का ढकलतोस? पाचव्यात पुन्हा तेच, अठराव्याच्या आरंभीही प्रश्नच. भगवंत सुरुवातीला टोचून बोलतात खरे, पण 'विचारू नकोस' असं एकदाही म्हणत नाहीत. आणि ७०० श्लोकांच्या गीतेत, शेवट जवळ आला असताना, निर्णय त्याच्याच हातात ठेवतात.

मी पुन्हा हरिपाठ म्हणायला लागलो तो २२व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात, बंद पडलेल्या लोकलमध्ये. कोणी विचारलं नव्हतं. आईला ती दोन वर्षं अजून सांगितलेली नाहीत.

आज संध्याकाळी भावाला फोन करणार आहे. आधी माफी मागायची. मग त्याला नेमकं काय पटत नाही, ते मध्ये न बोलता ऐकायचं. हॉस्टेलची गोष्टही सांगेन म्हणतो. मावशीच्या कानावर गेली तर आईपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही, पण असू दे.