पऱ्हाटीचे मोठे यंत्र घेण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी आटोपली की जानेवारीपासून शेताच्या धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग लागतात. थोडी पऱ्हाटी चुलीत जाते, उरलेली तिथेच जाळली जाते. पण आता या मालाला गिऱ्हाईक आहे. ब्रिकेट बनवणारे आणि बॉयलर चालवणारे ती घेतात. 2021 साली केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पाच टक्के जैवइंधन मिसळण्याचे धोरण घालून दिले, त्यानंतर चौकशी आणखी वाढली. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तर पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवला आहे. त्यामुळे ट्रॅक्टरवाले, आरा मशीनवाले आणि झाडांच्या फांद्या छाटण्याचे ठेके घेणारे आपले कितीतरी बांधव चिपर घेऊन या धंद्यात उतरू लागले आहेत.

माझा भाचा त्यांपैकीच एक. दोन हंगाम लहान चिपर चालवला आणि एके दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "मामू, यंत्र लहान पडते. दुप्पट तोंडाचे घेतो, तुम्ही फक्त रकमेचे बघा." मी कापडाचा व्यापारी, लोखंडातले मला कमी कळते. पण हिशेब कुठल्याही धंद्याचा असो, मांडायची रीत एकच. आम्ही दोघे वही घेऊन बसलो. त्या बैठकीत जे निघाले ते बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

पहिला घोळ तोंडाच्या मापाचा. विक्रेता सांगतो, हे चार इंची, हे सहा इंची, हे नऊ इंची. म्हणजे तेवढ्या जाडीचे लाकूड आत जाते, पण ते दिवसभर जात राहील असा त्याचा अर्थ नाही. पऱ्हाटीची काडी बोटाएवढी, फार तर अंगठ्याहून थोडी जाड. तिला इंचांची गरज नाही. तिला हवे रुंद तोंड आणि आत ओढणारे दमदार रोलर, कारण ती काटेरी जुडग्यासारखी पसरलेली असते. फांद्यांचे म्हणाल तर कडुलिंबाचा किंवा बाभळीचा पाच-सहा इंची सोट चिपरमध्ये घालावाच कशाला? तो जळाऊ म्हणून विकला तर भुग्यापेक्षा जास्त पैसे देतो. जो माल दिवसभर येतो त्याच्या मापाने यंत्र घ्यावे. महिन्यातून एकदा येणाऱ्या ओंडक्याच्या मापाने घेऊ नये.

आता आकडे बघा. कोरडवाहू हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते, म्हणजे एकरी आठ ते बारा क्विंटल. तासाला एक टन काढणारे यंत्र दिवसाला सहा तास चालले तर रोज सहा एकरांचा माल लागतो. नव्वद दिवसांचा हंगाम धरला तर 540 एकर. यंत्र दोन टनांचे घेतले की 1080 एकर. इतका माल कोण उपटणार, कोण वाहणार, कोण तोंडात घालणार? भाच्याने आपल्या डायरीतून काढून सांगितले की त्याचे लहान यंत्रच दिवसाचे निम्मे तास उभे राहत होते. कधी ट्रॉली आलेली नसे, कधी पाते बोथट झालेले, तर कधी सालीचा वेढा बसलेला. उभ्या यंत्राला मोठे केले तर मोठे यंत्र उभे राहते, आणि हप्ता मात्र दुप्पट होतो.

सालीच्या वेढ्याचे जरा सविस्तर सांगतो, कारण विक्रेते हे सांगत नाहीत. पऱ्हाटीच्या सालीत तागासारखा चिवट धागा असतो. तो रोलरच्या आणि शाफ्टच्या टोकांना गुंडाळला जातो, बेअरिंग तापते, शेवटी जळते. म्हणून यंत्र बघताना शाफ्टच्या टोकांना आडोसा आहे का आणि झाकण किती बोल्टांनी उघडते ते बघावे. चकतीचे यंत्र सरळ, स्वच्छ लाकडाचे तुकडे एकसारखे पाडते. झुडपी मालाला ढोलाचे यंत्र बरे, ते पकडून आत ओढते. उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाशी काळी माती आणि खडे येतात, ते पात्याची धार खातात. मुळे आपटून घ्यावीत किंवा छाटून टाकावीत. धार गेली की तुकडे पडण्याऐवजी दोऱ्या निघतात आणि डिझेल वाढते. पात्यांचा दुसरा संच जवळ ठेवावा. धार लावताना सगळी पाती सारख्या वजनाची राहतील हे पाहावे, नाहीतर ढोल थरथरतो.

दुसरी गोष्ट ट्रॅक्टरची. 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पीटीओवर सगळी ताकद देत नाही, अडतीस-चाळीसच्या आसपास देतो. मोठ्या चिपरला पन्नास लागत असतील तर तुम्ही चिपर नव्हे, ट्रॅक्टरसुद्धा विकत घेत आहात. विक्रेत्याकडे बुदनीच्या केंद्रीय संस्थेचा किंवा अन्य मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल मागावा. त्यात तासाचे काम आणि डिझेल लिहिलेले असते.

ओलाव्यात तर भलेभले फसले. शंभर क्विंटल पऱ्हाटी चाळीस टक्के ओली घेतली आणि ब्रिकेटवाल्याला बारा टक्क्यांवर दिली, तर हातात अडुसष्ट क्विंटल उरते. बत्तीस क्विंटल पाणी होते, त्याचे पैसे तुम्ही मोजले आणि वाहतूकही दिली. तेव्हा उपटल्यावर माल शेतातच वाळू द्यावा. ओल्या चुऱ्याचा उंच ढीगही लावू नये, आतून तापतो. बोंडे झाडून घ्यावीत, त्यांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते. 2017 चा हंगाम अजून कोणी विसरलेले नाही.

आणि एक घडलेली गोष्ट. पहिल्याच हंगामात भाच्याच्या एका मजुराच्या गळ्यातला दुपट्टा रोलरमध्ये गेला. बाजूच्या माणसाने दांडा ओढला म्हणून मान वाचली, खांद्याला मात्र टाके पडले. रोलर उलटा फिरवणारा आणि थांबवणारा दांडा माल घालणाऱ्याच्या हाताशी हवा. तो यंत्राच्या पाठीमागे असेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. दुपट्टा आणि सैल बाही बंद. माल हाताने रेटायचा नाही, लांब काठीने.

लाकूड तोडण्याचे यंत्र एका जागी कायम बसवायचे असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे, नियम कडक आहेत.

भाच्याने शेवटी मोठे यंत्र घेतले नाही. त्याच रकमेच्या निम्म्यात जाळीची एक मोठी ट्रॉली, पात्यांचे दोन संच आणि चार महिन्यांसाठी दोन माणसे आली. व्याजाचे कर्ज नको होते म्हणून ट्रॉलीत मी चार आणे भागीदार झालो. जुने यंत्र आता दिवसाला पाच तास खरोखर चालते. धर्मकाट्याच्या पावत्या तो माझ्याकडे आणून देतो. पुढच्या वर्षी या पावत्यांवरून दुसरे यंत्र लागेल असे दिसले तर त्याच मापाचे आणखी एक घेऊ. एक बंद पडले तर दुसरे चालू राहील.