कानाची चूक डोळ्यांना दिसली

चिनी भाषेच्या तोंडी परीक्षेत मला म्हणायचे होते, ‘मी पुस्तक विकत घेतो.’ मी म्हणालो, ‘मी पुस्तक विकतो!’ दोन्ही क्रियापदांचा उच्चार ‘माइ’च, फरक फक्त सुराचा. सुटा शब्द उच्चारताना ‘घेणे’ मध्ये सूर खाली उतरून पुन्हा वर येतो, तर ‘विकणे’ मध्ये तो वरून झपकन खाली येतो. मराठीत ‘आलास’चा सूर बदलला, तर विधानाचा प्रश्न होतो, शब्द तोच राहतो. चिनीत मात्र शब्दच बदलतो.

सरांनी अनेकदा सुधारले, पण माझी चूक मलाच ऐकू येत नव्हती. मग संगणक कक्षात ‘प्रात’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरले. ते ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झाले. डच भाषेत ‘प्रात’ म्हणजे बोल! ते आवाजाची पट्टी रेघेने दाखवते. सरांच्या आवाजातला शब्द रेकॉर्ड केला, त्याखाली माझा. सरांची रेघ खालून सुरू होऊन वाटीसारखी वळत होती. माझी वरून सरळ घसरत होती. चूक कुठे, ते त्या क्षणी कळले.

रोज दहा मिनिटे, पाचच शब्द : आधी ऐकायचे, मग बोलायचे, शेवटी रेघा पाहायच्या. फायरिंगनंतर टार्गेट पाहिल्याशिवाय नेम सुधारत नाही, तसेच हे.

मात्र रेघ जुळली म्हणजे भाषा आली, असे नव्हे. म्हणून सराव संपला की मी संगणक बंद करतो आणि शेजारच्या कॅडेटला चिनीतून पुस्तकाची किंमत विचारतो. आता तरी तो मला विक्रेता समजत नाही!