जुना माल सांभाळावा की नवा काढावा?



चालणारे डिझाईन चालू ठेवावे की बंद करून नवे काढावे, हा प्रश्न कापडवाल्याला दरवर्षी पडतो. मी एकदा चांगली खपणारी चौकडीची लुंगी बंद करून नवी आणली. जुने गिऱ्हाईक दोन दुकाने पुढे गेले, ते परत आले नाही. संगणकावरील लढाईचे व राज्यकारभाराचे खेळ बनवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. त्यांचा हिशेब आपण पाहू.

अमेरिकेतील ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा खेळ १९९९ साली आला. त्याचा तिसरा भाग २००५ मध्ये आणि चौथा २०२१ मध्ये निघाला. तरी दुसऱ्याचे गिऱ्हाईक टिकून राहिले. हौशी खेळाडूंनी त्यात आपली भर घातली होती. कंपनीने त्यांना हाकलले नाही; २०१३ मध्ये त्यांचेच काम अधिकृत करून विकले. २०१९ मध्ये खेळाची नवी आवृत्ती काढली. २०२२ मध्ये त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले.

स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीची रीत अशी: दुरुस्ती सर्वांना फुकट, नवी भर विकत. भरीच्या विक्रीतून दुरुस्तीचा खर्च निघतो. ‘क्रुसेडर किंग्ज २’ हा २०१२ चा खेळ असाच वर्षानुवर्षे चालला. पण पुरवण्या डझनावर गेल्या. कोणती घ्यावी, हे नव्या गिऱ्हाइकाला कळेना. कारागिराचीही अडचण झाली. एखादी पुरवणी कोणाकडे आहे, कोणाकडे नाही. नवे काम दोघांकडेही चालले पाहिजे. शेवटी २०१९ मध्ये मूळ खेळ फुकट केला आणि २०२० मध्ये तिसरा भाग काढला. तेव्हा नवी अडचण आली. जुने गिऱ्हाईक कोऱ्या मालाची तुलना वर्षानुवर्षे भर घातलेल्या मालाशी करू लागले.

यातून घेण्यासारख्या गोष्टी तीन:

१. विकलेल्या मालाची खोट फुकट काढून द्या. दाम नव्या कामाचे घ्या.

२. ठिगळे मोजत जा. मूळ कापड दिसेनासे झाले की नवा तागा लावण्याची वेळ आली.

३. नवा माल मांडताना जुना फळीवरून लगेच उतरवू नका. पॅराडॉक्सने तिसरा भाग काढल्यावरही दुसरा बाजारात ठेवला.

मी लुंगीच्या बाबतीत एवढे केले असते, तर ते गिऱ्हाईक आज माझ्याच ओट्यावर बसलेले असते.