द्राक्षबागेची शाळा

आमच्या अथणी भागातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी एक-दोन एकरांची द्राक्षबाग आहे. म्हणून यंदाची क्षेत्रभेट आम्ही तासगाव तालुक्यातील एका मोठ्या बागायतदारांकडे काढली. सप्टेंबरअखेर, फळछाटणीच्या तोंडावर, नववीचे विद्यार्थी, काही पालक व आम्ही शिक्षक तेथे गेलो.

दोन छाटण्या का?
थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते. आपल्याकडे तशी थंडी नसल्याने वेल वाढतच राहते. म्हणून एप्रिलमध्ये खरडछाटणी करून नव्या काड्या वाढवतात. त्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यात सूक्ष्म घड तयार होतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी केली की ते बाहेर पडतात. म्हणजे पुढच्या फेब्रुवारी-मार्चचे पीक बरेचसे आदल्या उन्हाळ्यातच ठरते. काड्यांची गर्दी होऊन डोळ्यांना ऊन मिळाले नाही, तर घड कमी धरतात.

काडी कोठे कापावी?
छाटणीआधी बागेच्या निरनिराळ्या भागांतील काड्या प्रयोगशाळेत देतात. तेथे डोळ्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. काडी त्या डोळ्याच्या लगेच पुढे कापायची. आखूड कापली तर घड तुकड्याबरोबर जातो. लांब ठेवली तर टोकाचे वांझ डोळे आधी फुटतात व घडाचा डोळा मागे पडतो. 9 × 5 फुटांवर लावलेल्या एका एकरात सुमारे 968 वेली बसतात. तेवढ्या वेलींवर चुकीचा काप म्हणजे त्या घराचे वर्ष गेले.

नोंदवही
पालकांनी फवारणीचे वेळापत्रक मागितले. बागायतदारांनी ते दाखवले, पण "उतरवून घेऊ नका," असे बजावले. त्यातले दिवस त्यांच्या छाटणीच्या तारखेपासून मोजलेले होते. आपली छाटणी, जमीन व पाऊस वेगळा असतो. परतीच्या पावसात पाने ओली राहिली की डावणी वाढते. तेव्हा पानाची खालची बाजू रोज पाहावी लागते. त्यांनी छाटणी, पाऊस, पाणी, खत व फवारणी तारीखवार लिहिलेली वही आमच्यापुढे ठेवली. 2010 साली सीसीसी या वाढरोधकाचा अंश आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती. कोणते औषध कधी मारले याची नोंद म्हणूनच महत्त्वाची.

मोठ्या बागेतील यंत्रे आपल्याला परवडणार नाहीत. वही, पर्जन्यमापक आणि काडी-तपासणी मात्र एक एकरवाल्यालाही जमेल. पालकांनी कर्ज काढून औषधे आणण्याआधी एवढे तरी करून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

स्वाध्याय
1. घरच्या किंवा शेजारच्या बागेतील छाटणीची तारीख विचारून लिहा. आज कितवा दिवस आहे?
2. 10 × 5 फूट अंतरावर एकरी किती वेली बसतील? (1 एकर = 43,560 चौ. फूट)
3. आठवडाभर पाऊस व पानांची स्थिती वहीत नोंदवा आणि ती वही वडीलधाऱ्यांना दाखवा.