जिगची शेवटची गाठ : साधन कसं निवडायचं, कसं वापरायचं



जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. डोक्यामागच्या मानेवर दोऱ्याने पिसं किंवा कृत्रिम केस बांधायचे. हे काम आपल्याला जमतं. अडतं ते शेवटी. मी बांधलेल्या पहिल्या जिगला साध्या दोन गाठी मारल्या होत्या. पाण्यात चार वेळा फेकला आणि पिसं सुटून गेली. गिऱ्हाइकाच्या हातात असं झालं तर ते पुन्हा आपल्या गटाकडे येणार नाही. म्हणून आज फक्त शेवटची गाठ शिकू या.

या गाठीला व्हिप फिनिश म्हणतात. नाव नवं, युक्ती जुनीच. केरसुणीची मूठ बांधताना दोऱ्याचं टोक आपण वेढ्यांखाली दडपतो ना, तसंच इथे करायचं. फुगीर गाठ राहत नाही, म्हणून ती घासून सुटतही नाही.

साधन घेताना काय बघाल?

१. मूठ धरल्यावर पुढची तार मोकळी फिरली पाहिजे. शिकणारीला हा प्रकार सोपा जातो.
२. तारेचा हात लांब हवा. जिगमध्ये दोरा मानेवर असतो आणि पुढे जाड डोकं. प्रत्येक वेढ्याला दोऱ्याचा फासा डोक्यावरून फिरतो. छोट्या माशीसाठीचं आखूड साधन इथे अडकतं.
३. आकडी आणि खाच गुळगुळीत हवी. दुकानातच दोरा त्यावरून ओढून बघा. तंतू निघाले तर घेऊ नका.

सुरुवातीला गटात एकच घ्या, आळीपाळीने वापरा.

वापरायची रीत

१. जिग वाइसमध्ये घट्ट बसवा. बॉबिनमधून साधारण एक वीत दोरा खाली सोडा.
२. तार फिरू न देता धरा. मानेकडून येणारा दोरा टोकाच्या आकडीत आणि मग मागच्या खाचेत अडकवा.
३. बॉबिन वर उचलून दोरा मानेला टेकवा. मराठी नाही, इंग्रजी चारच्या आकड्यासारखा आकार दिसेल.
४. आता तार मोकळी सोडा आणि साधन गळाच्या दांड्याला समांतर आणा. बॉबिनकडचा दोरा दांड्यालगत आडवा राहील. त्याच्यावरून पाच वेढे शेजारी-शेजारी घ्या. दोरा ताणलेला ठेवा.
५. आधी खाचेतून दोरा सोडवा. आकडीत फासा ताणून धरा आणि बॉबिन हळू ओढा. फासा मिटत आला की आकडी काढा.
६. हेच आणखी एकदा करा. मग दोरा अगदी जवळ कापा. वेढ्यांवर पारदर्शक नेलपॉलिश लावून रात्रभर वाळू द्या.

पहिल्यांदा जिगवर नको. पेन्सिल घट्ट बसवा आणि जाड रंगीत दोऱ्याने सराव करा. दोरा कुठून कुठे जातो ते डोळ्यांना दिसतं.

साधन नसेल तर?

वेगळ्या दोऱ्याचा दुहेरी फासा मानेवर आडवा ठेवा. त्यावर सहा वेढे घ्या. कामाचा दोरा ताणून धरूनच कापा, टोक फाशात ओवा आणि फाशाच्या दोन्ही शेपट्या ओढा. टोक वेढ्यांखालून बाहेर येईल. वेळ लागतो, पण गाठ तितकीच पक्की.

तपासणी

वाळल्यावर नखाने वेढे सरकवून बघा आणि पिसं जोरात ओढा. सरकलं तर तो जिग विकायचा नाही, उसवून पुन्हा बांधायचा. दहातला एक कच्चा निघाला तरी नाव दहांचं जातं.

एक गोष्ट मात्र पाळाच. शिसं विषारी असतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा वाईट परिणाम होतो. घरात शिसं वितळवू नका, तयार रंगवलेली डोकीच आणा. स्वयंपाकाच्या ओट्यावर बसू नका. काम करताना खाणंपिणं नको, उठल्यावर साबणाने हात धुवा. पोरांना आणि गरोदर बायकांना या कामापासून लांब ठेवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला एक जिग आणा. एकमेकींचे ओढून बघू. कुणाचा सुटला तर हसायचं नाही, तिथेच बसून पुन्हा बांधायचा.